वॉकी-टॉकी संच: खरेदीपासून कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत कोणते काम आधी आणि कोणते नंतर

नागपुरात लग्नाची लॉन, हिंगणा आणि बुटीबोरीतील गोदामे, शोभायात्रांचे स्वयंसेवक, शाळांची स्नेहसंमेलने अशा सगळीकडे वॉकी-टॉकी आता सर्रास दिसते. ती वापरताना चूक मात्र तीच ती होते. संच विकत आणले जातात, कार्यक्रमाच्या सकाळी खोके उघडले जाते, ज्याच्या हाती जो संच येईल तो कमरेला लावला जातो आणि तासाभरात ‘हा सेट खराब आहे’ अशी तक्रार सुरू होते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अशा ‘खराब’ संचांपैकी बहुतेकांत काहीही बिघडलेले नसते; कुणीतरी एक बटण जास्त वेळ दाबलेले असते आणि त्या संचाचा टोन, म्हणजे कोणाचा आवाज ऐकवायचा हे ठरवणारी खूण, बदललेला असतो. म्हणून या लेखात कामाचा क्रम महत्त्वाचा मानला आहे, आणि पारिभाषिक शब्द जिथे लागतील तिथेच समजावले आहेत.

टप्पा १ : आधी जागा आणि माणसे कागदावर उतरवावीत

संच किती घ्यायचे हे ठरवण्याआधी कोणाला कोणाशी बोलायचे आहे हे लिहून काढावे. वर्धा मार्गावरील एखादे मोठे लॉन उदाहरणादाखल घेऊ. तेथे प्रवेशद्वार, पार्किंग, भटारखाना, मंच आणि जनरेटर अशा पाच जागा असतात. पार्किंगमधील चौघांना एकमेकांशी सतत बोलावे लागते, पण त्यांचे बोलणे भटारखान्यातील माणसाने ऐकण्याचे कारण नाही. सर्वांना एकाच चॅनेलवर ठेवले, की भटारखान्यातील माणूस अर्ध्या तासात आवाज कमी करतो आणि नेमका त्याच्यासाठी आलेला निरोप त्याला ऐकू येत नाही.

कागदावर जागेचा ढोबळ नकाशा काढावा आणि त्यावर माणसांचे गट, त्यांच्यातील अंतर आणि मध्ये येणाऱ्या भिंती, पत्र्याची शेड, तळघर यांची नोंद करावी. अंतरापेक्षा अडथळे अधिक महत्त्वाचे असतात. मोकळ्या मैदानावर एक किलोमीटर सहज पार करणारा संच लोखंडी पत्र्याच्या गोदामातून शंभर पावलांवरच्या माणसाशीही धड बोलू शकत नाही.

तपासणी : प्रत्येक गटाला नाव मिळाले आहे का, आणि सर्व गटांशी बोलणारा एक माणूस ठरला आहे का, हे पाहावे. हा माणूस ठरला नसेल, तर पुढे जाऊ नये.

टप्पा २ : परवान्याचा प्रश्न खरेदीपूर्वी सोडवावा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या, कमी पल्ल्याच्या संचांसाठी २०१८ च्या नियमांनुसार परवानामुक्त आहे. म्हणजे या पट्ट्यात चालणारा आणि नियमातील शक्तीच्या मर्यादेत असणारा संच वापरण्यासाठी वापरणाऱ्याने वेगळा परवाना काढण्याची गरज नसते. मात्र त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, मिळालेली असावी लागते. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. ईटीए ही उपकरणाला मिळालेली मान्यता आहे आणि परवाना हा फ्रिक्वेन्सी वापरण्यासाठी असतो. ‘साहेब, ईटीए आहे, परवान्याची गरज नाही’ असे दुकानदार म्हणाला, तर तो संच कोणत्या पट्ट्यात चालतो हे विचारावे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, पाच वॅट शक्तीचे, १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढच्या पट्ट्यांत हवी ती फ्रिक्वेन्सी भरता येणारे संच परवानामुक्त नाहीत. त्यांत ४४६ ची फ्रिक्वेन्सी भरली, म्हणून ते परवानामुक्त होत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्सवरील वॉकी-टॉकी विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याच घोळामुळे. त्यांनुसार विक्रीच्या पानावर फ्रिक्वेन्सीची आणि मान्यतेची माहिती असणे अपेक्षित आहे. ती दिसत नसेल, तर तो संच घेऊ नये.

अमेरिकेतील नातेवाइकाने आणलेले संच ही आणखी एक नेहमीची अडचण आहे. तेथील घरगुती संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि तो पट्टा आपल्याकडे या सवलतीत येत नाही. शोभेच्या वस्तूप्रमाणे ते कपाटात राहिलेले बरे.

ज्यांना खरोखर अधिक पल्ला हवा आहे, म्हणजे मोठी कारखाना-वसाहत किंवा अनेक मजली रुग्णालय, त्यांनी स्वतःच्या फ्रिक्वेन्सीसाठी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून रीतसर अर्ज करावा आणि त्यासाठी लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना या कामासाठी चालत नाही. त्यावर धंद्याचे बोलणे करता येत नाही.

सावधान : फ्रिक्वेन्सी भरता येणारा संच हाती आल्यावर ‘पोलिसांचे ऐकू येते का’ म्हणून चॅनेल शोधत बसण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह थेट कायद्याच्या कचाट्यात नेतो.

टप्पा ३ : खोक्यावरील आकडे कसे वाचावेत

किलोमीटरचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा असतो. रामटेकच्या गडावर एक माणूस आणि खाली सपाटीवर मोकळ्या शेतात दुसरा माणूस उभा केला, तर जो पल्ला मिळेल तशा परिस्थितीतला तो आकडा असतो. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीवर संच धरलेल्या दोन माणसांमध्ये पृथ्वीच्या गोलाईमुळेच सुमारे १० किलोमीटरवर मर्यादा येते, आणि तीही मध्ये एकही झाड किंवा घर नसेल तर. इतवारी आणि महालच्या गल्ल्यांत अर्ध्या वॅटच्या संचाकडून काही शे मीटरांपेक्षा अधिक अपेक्षा ठेवू नये.

वॅट हा शक्तीचा आकडा आहे. शक्ती चौपट केली, तर मोकळ्या अवकाशात पल्ला दुप्पट होतो. गावात तर तेवढाही वाढत नाही. उलट संच कमरेवरून खांद्यापर्यंत आणला किंवा माणूस पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभा केला, तर फुकटात त्याहून अधिक फरक पडतो.

व्हीएचएफ आणि यूएचएफ हे दोन पट्टे आहेत. व्हीएचएफ मोकळ्या रानात चांगला चालतो, तर यूएचएफ इमारतींच्या फटींतून, दारा-खिडक्यांतून अधिक चांगला शिरतो आणि त्याचा अँटेनाही आखूड असतो. परवानामुक्त ४४६ चा पट्टा यूएचएफमध्येच मोडतो, त्यामुळे शहरात वापरणाऱ्यांना येथे निवड करावी लागत नाही.

चॅनेलच्या आकड्याने तर भलेभले फसतात. ४४६.० ते ४४६.२ या ०.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १२.५ किलोहर्ट्झ अंतराने १६ चॅनेल बसतात. पहिला ४४६.००६२५ वर असतो आणि सोळावा ४४६.१९३७५ वर. खोक्यावर ‘६०८ चॅनेल’ असे लिहिलेले असेल, तर ते १६ गुणिले ३८ टोन असे गणित असते. रस्ते सोळाच असतात. बाकीच्या पाट्या असतात.

आयपी या अक्षरांपुढील दोन अंकांपैकी पहिला धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. आयपी ५४ चा संच शिंतोडे सहन करतो. आयपी ६७ चा संच एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालावा, असे ते मानक सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत हमखास पावसाची सर येते. तेथे ५४ वर भिस्त ठेवू नये. मात्र इअरफोनच्या छिद्रावरील रबरी झाकण उघडे राहिले, तर ६७ चा अर्थही संपतो.

अॅनालॉग आणि डिजिटल यांतील फरक थोडक्यात असा. अॅनालॉगमध्ये अंतर वाढत जाते तशी खरखर वाढत जाते आणि माणूस सावध होतो. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो. दोन्ही प्रकारचे संच एकमेकांशी तसेच बोलू शकत नाहीत. डीएमआर या डिजिटल पद्धतीत एकाच चॅनेलचे वेळेनुसार दोन भाग पाडले जातात, त्यांना स्लॉट म्हणतात. शिवाय ० ते १५ पैकी एक कलर कोड आणि गटासाठी टॉक-ग्रुप असतो. फ्रिक्वेन्सी, स्लॉट, कलर कोड आणि टॉक-ग्रुप या चारही गोष्टी जुळल्याशिवाय आवाज येत नाही. पहिल्यांदाच संच घेणाऱ्याने अॅनालॉग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावधान : ‘संपूर्ण भारतात कुठेही बोला’ असे लिहिलेला संच सिमकार्डावर चालतो. तो दिसायला वॉकी-टॉकी असतो, पण प्रत्यक्षात मोबाइल असतो. मोठ्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क तुंबते, तेव्हा तोही तुंबतो, आणि वॉकी-टॉकीची गरज नेमकी तेव्हाच असते.

टप्पा ४ : बॅटरी आणि खुणा

बॅटरीवर लिहिलेले तास एका ठरावीक वापरावर धरलेले असतात: ५ टक्के वेळ बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के वेळ संच नुसताच चालू. पार्किंगमधील माणूस याच्या कितीतरी पट बोलतो, आणि बोलतानाच बॅटरी सर्वाधिक खर्च होते. म्हणून लिहिलेल्या तासांच्या निम्मे तास धरून नियोजन करावे आणि जास्त बोलणाऱ्या जागांसाठी जादा बॅटऱ्या ठेवाव्यात.

लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंश तापमानातच चार्ज करायची असते. मे महिन्यात नागपूरची दुपारच ४५ च्या घरात जाते, मग बंद गाडीतले तापमान सांगायलाच नको. चार्जिंग रात्री, सावलीच्या खोलीत करावे आणि संच गाडीच्या डॅशबोर्डवर कधीही ठेवू नयेत.

प्रत्येक संचाला, बॅटरीला आणि चार्जरला एकच क्रमांक रंगाने किंवा चिकटपट्टीने द्यावा. कोणता संच रुसतो आहे हे क्रमांकाशिवाय कधीच कळत नाही.

टप्पा ५ : चॅनेल आणि टोन लावणे

हा टप्पा सावकाश आणि टेबलावर करायचा आहे. कार्यक्रमाच्या जागी उभ्या-उभ्याने करू नये.

१. गटांना चॅनेल वाटून द्यावेत. दोन गट एकमेकांच्या जवळ काम करणार असतील, तर त्यांना लागोपाठचे चॅनेल देऊ नयेत. पार्किंगला ३ दिला, तर भटारखान्याला ४ ऐवजी ७ किंवा ८ द्यावा. लागोपाठच्या चॅनेलवर जवळचा जोरकस संच शेजारच्या चॅनेलवरही ओघळतो.

२. निवडलेल्या चॅनेलवर, टोन न लावता, निदान दहा मिनिटे नुसते ऐकावे. जागेवर जाऊन, त्याच वेळेला ऐकले तर उत्तम. शेजारच्या लॉनवर किंवा समोरच्या बांधकामावर तोच चॅनेल चालू असेल, तर तो आत्ताच कळावा.

३. मग टोन ठरवावा. टोन म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. सीटीसीएसएस या पद्धतीत बोलण्याच्या आवाजाखाली एक खर्जातला सूर सतत पाठवला जातो, तो ६७.० हर्ट्झपासून २५४.१ हर्ट्झपर्यंतच्या ठरलेल्या सुरांपैकी एक असतो. ऐकणारा संच तो सूर ओळखला तरच स्पीकर उघडतो. डीसीएस ही तीच कल्पना सुराऐवजी अंकी संकेताने राबवते. पुस्तिकेत याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हटलेले असते, आणि त्या नावाने लोक गाफील राहतात.

टोन हे कुलूप नाही. टोन लावल्याने आपले बोलणे दुसऱ्याला ऐकू येणे बंद होत नाही; दुसऱ्याचे बोलणे आपल्याला ऐकू येणे बंद होते. आपण आपल्या कानात बोळा घातलेला असतो, इतकेच. त्याच चॅनेलवरचा, टोन न लावलेला कोणताही संच आपले सारे बोलणे ऐकतो. आहेराची पाकिटे कुठे ठेवली आहेत किंवा गल्ल्याची रोकड कोण घेऊन निघाला आहे, असली माहिती या संचांवर बोलू नये.

दुसरा परिणाम त्याहून फसवा आहे. शेजारचा गट वेगळ्या टोनवर बोलत असताना आपला संच गप्प असतो, म्हणून चॅनेल मोकळा आहे असे वाटते. आपण बटण दाबतो, दोन्ही बोलणी एकमेकांवर आदळतात आणि आपल्या माणसाला तुटक, गुरगुरता आवाज ऐकू येतो. ‘बिझी चॅनेल लॉकआउट’ ही सोय संचात असेल, तर ती चालू करावी, म्हणजे चॅनेल व्यापलेला असताना संच बोलूच देत नाही. नसेल, तर बोलण्याआधी मॉनिटर बटण दाबून कानोसा घ्यावा. हे बटण टोन आणि स्क्वेल्च, म्हणजे खरखर अडवणारी सोय, दोन्ही तात्पुरते उघडते.

४. टोन क्रमांकाने न जुळवता हर्ट्झने जुळवावा. एका कंपनीच्या यादीत ६७.० नंतर थेट ७१.९ येतो आणि आठव्या क्रमांकावर ८८.५ असतो. दुसऱ्या यादीत मध्ये ६९.३ घातलेला असतो, त्यामुळे पुढचे सारे क्रमांक एकाने सरकतात आणि आठव्या क्रमांकावर ८५.४ येतो. दोन्ही संचांच्या पडद्यावर ‘८’ दिसतो आणि दोन्ही एकमेकांना मुके वाटतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकत्र वापरायचे असतील, तर दोन्ही पुस्तिकांतील तक्ते समोर ठेवूनच हे काम करावे. डीसीएसमध्ये त्याच अंकाचे सुलटे आणि उलटे असे दोन प्रकार असतात, तेही जुळवावे लागतात.

५. १००.० हर्ट्झचा टोन टाळावा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि तिची गुणगुण १०० वर हमखास असते. जनरेटरजवळ उभ्या असलेल्या संचाचा त्याने गोंधळ उडू शकतो.

६. एक नमुना संच पूर्ण लावावा. त्याची सर्व मूल्ये कागदावर लिहावीत. मग त्यावरून बाकीचे संच लावावेत आणि प्रत्येक संच लावून झाला, की तो नमुना संचाशी दोन्ही दिशांनी बोलून पाहावा. सगळे लावून मग सगळे तपासू, असे करू नये. चूक कुठे झाली ते मग सापडत नाही.

७. शेवटी बटणे लॉक करावीत. कमरेला घासून बदललेला चॅनेल हा कार्यक्रमातल्या अर्ध्या गोंधळांचा उगम असतो.

सावधान : तपासताना दोन संच शेजारी धरून बोलू नये. स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊन कर्कश शिट्टी होते, आणि इतक्या जवळून आलेल्या लहरींनी ऐकणारा संच गुदमरतो. एका माणसाने शेजारच्या खोलीत जावे.

टप्पा ६ : बाकीच्या सोयी, आणि त्यांपैकी बंद ठेवण्याजोग्या

स्क्वेल्च म्हणजे खरखर अडवणारा दरवाजा. तो पूर्ण उघडला, तर सतत खरखर ऐकू येते. फार घट्ट लावला, तर दूरच्या माणसाचा क्षीण आवाजही अडतो आणि पल्ला घटल्यासारखा वाटतो. आधी तो सर्वांत खालच्या अंकावर न्यावा, मग खरखर थांबेपर्यंत एकेक अंक वर न्यावा आणि थांबली, की फार तर एक अंक पुढे जाऊन सोडून द्यावा. एलईडी पडदे आणि जनरेटर यांच्याजवळ खरखर अधिक असते, म्हणून हे काम ते चालू असताना, जागेवरच करावे.

व्हॉक्स म्हणजे बटण न दाबता आवाजाने सुरू होणारे प्रक्षेपण. ढोल-ताशा किंवा डीजे असलेल्या ठिकाणी ते बंदच ठेवावे; ताशाची प्रत्येक थाप संचाला माणसाचे बोलणे वाटते आणि सगळ्यांचा चॅनेल अडून बसतो.

टीओटी, म्हणजे बोलण्याची कालमर्यादा, ६० सेकंदांवर ठेवावी. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांडीखाली बटण दाबले जाते आणि सारा गट मुका होतो, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला ही मर्यादा किती मोलाची आहे हे सांगावे लागत नाही.

स्कॅन आणि दोन चॅनेल एकदम ऐकण्याची सोय मोहक आहे, पण संच एकावर ऐकत असताना दुसऱ्यावरची सुरुवात निसटते. सर्व गटांशी बोलणाऱ्या प्रमुखाने दोन वेगळे संच बाळगावेत आणि त्यांवर दोन रंगांच्या पट्ट्या लावाव्यात. रॉजर बीप, म्हणजे बोलणे संपल्यावर वाजणारी टिक, नवख्यांसाठी चालू ठेवावी.

टप्पा ७ : जागेवर चालून पाहणे

एक माणूस प्रमुखाच्या जागी उभा करावा आणि दुसऱ्याने नकाशावरील प्रत्येक जागी जाऊन तेथून एक ते पाच आकडे म्हणावेत. ऐकणाऱ्याने प्रत्येक जागेपुढे ‘स्पष्ट’, ‘खरखरीत’ किंवा ‘नाही’ असे लिहावे. संच उभा, अँटेना आकाशाकडे आणि तोंडापासून चार बोटे दूर असावा. अँटेना धरून संच उचलण्याची सवय मोडावी, आणि अँटेना निघणारा असेल, तर तो काढलेला असताना चुकूनही बटण दाबू नये. पाठवणारा भाग जळू शकतो.

‘नाही’ आलेल्या जागी दोन-तीन पावले सरकून पुन्हा पाहावे. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर असते, त्यामुळे एका पावलानेही मेलेली जागा जिवंत होऊ शकते. तरीही जमले नाही, तर मध्ये एक माणूस निरोप पुढे सांगण्यासाठी उभा करावा.

रिकाम्या मैदानावर घेतलेली चाचणी गर्दीच्या वेळी थोडी कमीच भरते, कारण माणसांची शरीरेही लहरी शोषतात. ‘खरखरीत’ आलेली जागा गर्दीत ‘नाही’ होईल असे धरावे.

टप्पा ८ : बोलण्याची पद्धत शिकवणे

संच वाटण्याआधी सर्वांना पंधरा मिनिटे एकत्र उभे करून हे शिकवावे. बटण दाबावे, एक श्वास थांबावे आणि मग बोलावे. बटण दाबल्यावर समोरच्या संचाला टोन ओळखून स्पीकर उघडायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात बोललेला पहिला शब्द हवेत विरतो. एका लग्नात प्रमुखाने घाईत सांगितले, ‘नका सोडू गाड्या!’ प्रवेशद्वारावरील मुलाने ऐकले, ‘सोडू गाड्या’, आणि त्याने दोर खाली टाकला. वरात आणि चाळीसेक गाड्या एकाच फाटकात समोरासमोर आल्या. तेव्हापासून आमच्याकडे नकार कधीच वाक्याच्या सुरुवातीला ठेवला जात नाही. ‘गाड्या थांबवा, थांबवा’ असेच म्हटले जाते.

हाक मारताना आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव आणि मग आपले घ्यावे: ‘गेट, गेट, मी पार्किंग.’ उत्तर आल्याशिवाय निरोप सांगू नये. आपले बोलणे संपवून उत्तराची वाट पाहायची असेल, तर ‘ओव्हर’ म्हणावे. संवादच संपला असेल, तर ‘आउट’. ‘ओव्हर अँड आउट’ म्हणजे ‘बोला’ आणि ‘बोलू नका’ एका दमात. ‘रॉजर’चा अर्थ ‘ऐकले’ एवढाच आहे, ‘होय’ किंवा ‘करतो’ असा नाही. म्हणून काम सांगितल्यावर ऐकणाऱ्याने तेच काम आपल्या शब्दांत परत म्हणावे.

मराठी आकडे खरखरीत आवाजात फार घोळ करतात. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची सुरुवात एकच. त्रेसष्ट आणि त्रेचाळीस यांतही तेच. गाडीचा क्रमांक सांगताना प्रत्येक अंक सुटा म्हणावा: ‘चार नऊ’, ‘पाच नऊ’. नागपुरात एमएच ३१, ४० आणि ४९ या तिन्ही मालिकांच्या गाड्या एकाच पार्किंगमध्ये असतात, त्यामुळे नुसते शेवटचे चार अंक सांगूनही भागत नाही. पी, बी, डी, टी ही अक्षरे सारखीच ऐकू येतात; पतंगाचा पी, बदकाचा बी, डमरूचा डी, टरबुजाचा टी असे ठरवून घ्यावे. इंग्रजी अल्फा-ब्राव्हो पाठ असणारा एखादाच असतो. बालवाडीतले शब्द सर्वांना येतात.

टप्पा ९ : ‘सेट खराब आहे’ ही तक्रार आली, तर

क्रम मोडू नये. प्रथम बॅटरी बदलावी. मग चॅनेलचा अंक पाहावा. मग आवाजाचे बटण. त्यानंतर मॉनिटर दाबून दुसऱ्या संचावरून बोलावे: मॉनिटर दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जात असेल, तर टोन जुळत नाही. मॉनिटर दाबूनही काहीच येत नसेल, नुसती खरखर येत असेल, तर फ्रिक्वेन्सी किंवा अँटेना पाहावा. खरखरही येत नसेल, तर स्पीकर किंवा अर्धवट खोचलेला इअरफोन.

एका दिशेने ऐकू येते आणि दुसऱ्या दिशेने नाही, असे असेल, तर पाठवण्याचा आणि ऐकण्याचा टोन वेगवेगळा लागलेला असतो. अनेक संचांत या दोन गोष्टी स्वतंत्रपणे लावाव्या लागतात. संच जवळ चालतो आणि दूर चालत नाही, अशी तक्रार असेल, तर तो कमी शक्तीवर टाकला गेला आहे का आणि स्क्वेल्च घट्ट झाला आहे का, ते पाहावे. सर्वांचेच बोलणे एकदम बंद पडले असेल, तर कुणाचे तरी बटण दाबले गेले आहे. अशा वेळी प्रमुखाने संचावर ओरडण्यात अर्थ नसतो, कारण तो आवाज कुणालाही जात नाही. एका मुलाला प्रत्येक जागी पळवावे आणि ज्याच्या संचावरचा लाल दिवा सतत पेटलेला दिसेल, त्याचा संच बंद करवावा.

कार्यक्रम संपल्यावर संच क्रमांकानुसार मोजून घ्यावेत, ज्यावर तक्रार आली त्याचा क्रमांक आणि लक्षण वहीत लिहावे, घाम आणि धूळ कोरड्या कापडाने पुसावी. महिनाभर वापर होणार नसेल, तर बॅटऱ्या साधारण निम्म्या भरलेल्या अवस्थेत, संचातून काढून, घरातल्या थंड खोलीत ठेवाव्यात. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नव्हे.